३४० बाइटांत मावणारा समुद्र

समुद्रात हजार मीटर खोलीवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारायची आणि वर येता येता पाण्याचं तापमान व क्षारता मोजायची, हा अर्गो फ्लोट या स्वयंचलित यंत्राचा दिनक्रम. हिंदी महासागरातल्या भारताच्या फ्लोटचं काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था पाहते. पृष्ठभागावर आलेल्या फ्लोटला मोजमापं कळवायला उपग्रहच हवा. सुरुवातीचे बरेच फ्लोट अर्गोस ही उपग्रह यंत्रणा वापरत. तिथे एका संदेशात जेमतेम ३२ बाइट, शिवाय पोच नाही. म्हणून तेच तेच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत फ्लोट कित्येक तास पाण्यावर पडून राहायचा. इरिडियमच्या उपग्रहांशी संवाद दुतर्फा असतो, त्यामुळे तेच काम आता बरंच लवकर उरकतं.

इरिडियमचा ९६०२ हा छोटा मोडेम, म्हणजे उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करणारा भाग, अनेक ट्रॅकरांच्या (ठावठिकाणा कळवणाऱ्या उपकरणांच्या) पोटात असतो. त्याच्याशी बोलायची वाट म्हणजे जुनी, साधी सिरियल तार. ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञा पाठवायची, उत्तर वाचायचं. जोडताना एक गंमत लक्षात ठेवावी: या मोडेमवर ‘टीएक्स’ लिहिलेली पिन माहिती बाहेर सोडत नाही, आत घेते. नावं समोरच्या संगणकाच्या बाजूने दिलेली आहेत. यात पहिल्यांदा जोडणाऱ्याची हमखास फसगत होते.

तारेचा वेग १९,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे १,९२० बाइट. पण एका संदेशाची कमाल मर्यादा ३४० बाइट! तारेवरून एवढी माहिती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात जाते. खरी टंचाई आकाशातल्या जागेची आहे, आणि तिथे पैसेही बाइटांच्या हिशोबाने मोजावे लागतात.

समजा, हवामान केंद्राने ‘टी=२८.३७,पी=१००८.४,एच=८१’ अशी ओळ इंग्रजी अक्षरांत पाठवली. ओळ संपल्याची खूण धरून २२ बाइट झाले. ३४० मध्ये अशा १५ नोंदी बसतात. (देवनागरीत तर नुसता ‘तापमान’ हा शब्दच युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट खातो.) आता दशांश चिन्ह काढून टाका. २८.३७ चे २८३७ करा, दोन बाइट. दाब १००८४, तेही दोन. आर्द्रतेला एक पुरतो. नोंद पाच बाइटांची झाली. पहिल्या नोंदीची वेळ एकदाच चार बाइटांत लिहिली, तर एका संदेशात ६७ नोंदी मावतात. तासाला एक धरली, तर जवळजवळ पावणेतीन दिवसांचं हवामान! मला हा हिशोब फार सुंदर वाटतो. अर्थात वादळाची सूचना द्यायची असेल, तर संदेश भरेपर्यंत थांबणं परवडत नाही. तिथे अर्धा रिकामा संदेशही लगेच पाठवावा.

असा बांधलेला संदेश मोडेमला देताना शेवटी सगळ्या बाइटांची बेरीज दोन बाइटांत जोडावी लागते. ती चुकली की मोडेम संदेश घेतच नाही. मग उपग्रहाशी संपर्काची आज्ञा. उत्तरातली पहिली संख्या ० ते ४ असेल तर संदेश गेला. ३२ आली तर उपग्रहांचं जाळंच सापडलेलं नाही, बहुधा अँटेनाला मोकळं आकाश दिसत नाही. हे उपग्रह ७८० किलोमीटरवरून धावतात, एकेक काही मिनिटंच दिसतो. म्हणून थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि ‘गेला’ असं उत्तर येईपर्यंत एकही नोंद पुसायची नाही.