डिस्क इमेजची सुसंगतता : क्लाउड आणि एम्युलेटर

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, अख्खी हार्ड डिस्क ज्या फाइलमध्ये साठवलेली असते ती डिस्क इमेज. एका ठिकाणी तयार झालेली इमेज दुसऱ्या ठिकाणी उघडावी, बूट व्हावी आणि आतले काम पूर्वीसारखे चालावे, यासाठी तिच्यात करावे लागणारे फेरफार हा या नोंदीचा विषय. क्लाउडवरचे (कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरचे) मशीन घरच्या क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे असे मशीन चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये, उतरवणे ही एक वाट, घरी तयार केलेले मशीन क्लाउडवर चढवणे ही दुसरी. दोन्हीकडे पहिला दोष फाइलच्या प्रकाराला दिला जातो. प्रत्यक्षात प्रकार बदलणे हे एका आज्ञेचे काम आहे. मशीन अडते ते बहुधा आतून: कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, डिस्कचा कंट्रोलर ओळखता येत नाही, माउंटच्या (डिस्क जोडण्याच्या) यादीत जुनेच नाव असते, नेटवर्क कार्ड बदललेले असते. म्हणून दुरुस्ती करायची ती मूळ मशीन धडपणे चालू असतानाच. इमेज बाहेर काढल्यावर तेच काम दुप्पट कष्टाचे होते.

गोव्यातील गरज : गोव्यात हा प्रश्न मुख्यतः दोन बाजूंनी समोर येतो. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, त्याच आवारात २०१६ साली सुरू झालेली आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना क्लाउडचे बिल न चढवता तिथल्यासारखेच मशीन लॅपटॉपवर हवे असते. दुसरी बाजू मराठी छपाईची, आणि ती अधिक नाजूक आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर चाले. त्या काळातल्या दिवाळी अंकांच्या, देवस्थानांच्या स्मरणिकांच्या, पत्रिकांच्या, पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममधल्या फायली आजच्या विंडोजवर उघडल्या तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. अशा फायली सांभाळून असलेल्या म्हापशाच्या, फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या छापखान्यापुढे एक खात्रीचा मार्ग उरतो: जुना संगणक बंद पडण्याआधी त्याच्या डिस्कची इमेज काढणे आणि ती एम्युलेटरमध्ये जिवंत ठेवणे.

फायलींचे प्रकार : सर्वांत साधी ती रॉ इमेज, म्हणजे डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे. क्यूकाऊ२ हा क्यूईएमयूचा प्रकार. तो ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत जागा वाटतो आणि लिहिलेले तेवढेच साठवतो. व्हीएमडीके व्हीएमवेअरचा, व्हीडीआय व्हर्च्युअलबॉक्सचा. व्हीएचडी कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीतून आला आणि २००३ साली ते तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टकडे गेले. त्याची मर्यादा २,०४० जीबी. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेला व्हीएचडीएक्स ६४ टीबीपर्यंत जातो.

क्लाउड कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टचे अझ्युर फक्त ठरावीक आकाराचा व्हीएचडी घेते, व्हीएचडीएक्स घेत नाही. गुगलला हाताने इमेज द्यायची तर आतल्या फाइलचे नाव ‘डिस्क.रॉ’च असावे लागते, आकार पूर्ण जीबीत लागतो आणि टार करताना (फाइल गठ्ठ्यात बांधताना) जुना जीएनयू प्रकार निवडावा लागतो. अ‍ॅमेझॉन ओव्हीए (अख्ख्या मशीनचा एकत्र गठ्ठा), व्हीएमडीके, व्हीएचडी आणि रॉ स्वीकारते, पण व्हीएमडीके ‘स्ट्रीम ऑप्टिमाइज्ड’ उपप्रकारातला हवा. व्हीएमडीके हे एकच नाव असले तरी आतले उपप्रकार अनेक आहेत, आणि क्यूईएमयूने नेहमीच्या पद्धतीने बनवलेली फाइल व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर थेट चालत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

फाइलच्या नावाच्या शेपटावर विश्वास ठेवू नये. उबुंटूच्या क्लाउड इमेजचे नाव ‘आयएमजी’ने संपते, म्हणून ती रॉ समजून व्हर्च्युअलबॉक्ससाठी बदलायला घेतली जाते आणि तयार झालेली डिस्क बूटच होत नाही. तिचे पहिले चार बाइट पाहिले तर ‘क्यू एफ आय’ ही तीन रोमन अक्षरे आणि मागोमाग एफबी हा बाइट दिसतो. ही क्यूकाऊ२ची खूण आहे. क्यूईएमयूबरोबर येणाऱ्या क्यूईएमयू-आयएमजी या साधनाची ‘इन्फो’ आज्ञा हेच एका ओळीत सांगते, आणि कोणतेही रूपांतर करण्यापूर्वी ती चालवावीच.

व्हीएचडीचा शेवटचा सेक्टर : ठरावीक आकाराचा व्हीएचडी म्हणजे रॉ इमेज आणि तिच्या शेवटी जोडलेला ५१२ बाइटचा, म्हणजे एका सेक्टरचा, माहिती सांगणारा फूटर. १० जीबीच्या डिस्कची फाइल १०,७३,७४,१८,२४० बाइटऐवजी १०,७३,७४,१८,७५२ बाइटची होते. फूटरच्या सुरुवातीला कनेक्टिक्सचे नाव एक ‘एन’ गाळून आठ अक्षरांत बसवलेले असते. पुढे इमेज बनवणाऱ्या प्रोग्रॅमची चार अक्षरी खूण असते, डिस्कचा आकार असतो, आणि सिलिंडर, हेड, सेक्टर ही जुनी मोजमापेही असतात. घोटाळा इथे होतो. व्हर्च्युअल पीसी या मोजमापांच्या गुणाकारावरून आकार काढे, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही लिहिलेला आकारच मानते. क्यूईएमयू-आयएमजी सवयीने डिस्क या गुणाकारात बसेल अशी वाढवते, त्यामुळे आकार पूर्ण एमबीत राहत नाही. अझ्युरला नेमका पूर्ण एमबीच लागतो आणि ते इमेज नाकारते.

उपाय क्रमाने करावा. आधी इमेज रॉ करावी, तिचा आकार वरच्या पूर्ण एमबीपर्यंत वाढवावा आणि मगच व्हीएचडी करावी. करताना ‘फिक्स्ड’बरोबर ‘फोर्स साइझ’ हा पर्याय द्यावा. तो दिला की फूटरमधली खूण ‘क्यूईएमयू’ऐवजी ‘क्यूईएम२’ अशी पडते, आणि वाचणाऱ्याला कळते की लिहिलेला आकार खरा मानायचा. क्यूईएमयू-आयएमजीच्या २.२.१ पासून २.६ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या व्हीएचडी सदोष बनवत. प्रयोगशाळेतल्या जुन्या लिनक्सवर ती आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी. आकार वाढवल्यावर जीपीटी या डिस्क-विभाजनाच्या पद्धतीतला राखीव तक्ता डिस्कच्या टोकाला राहत नाही. एसजीडिस्क या साधनाचा ‘ई’ पर्याय तो पुन्हा शेवटी नेऊन ठेवतो.

आतली दुरुस्ती : तीच डिस्क एका ठिकाणी ‘एसडीए’, केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेवर ‘व्हीडीए’, झेन या तशाच यंत्रणेवर ‘एक्सव्हीडीए’ आणि अ‍ॅमेझॉनच्या नायट्रो मशीनवर एनव्हीएमई म्हणून दिसते. एफएसटॅब (माउंटची यादी) आणि ग्रब (बूटलोडर) यांत ही नावे असतील तर ती काढून यूयूआयडी, म्हणजे जागा बदलली तरी न बदलणारे ओळखक्रमांक, लिहावेत. त्याहून महत्त्वाचे इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरचा गठ्ठा. रेड हॅट आणि फेडोरा घराण्यातले ड्रॅकट हे साधन नेहमीच्या वेळी चालू मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर भरते. हायपर-व्हीवर जन्मलेल्या अशा इमेजमध्ये व्हर्टिओचा (केव्हीएमच्या आभासी डिस्कचा) ड्रायव्हर नसतो, केव्हीएमवर गेल्यावर मूळ डिस्क सापडत नाही आणि बूट अर्ध्यावर थांबते. उबुंटू आणि डेबियन बहुतेक सगळे ड्रायव्हर भरत असल्याने तिथे हा त्रास कमी. निघण्यापूर्वी व्हर्टिओ, हायपर-व्ही, एनव्हीएमई या सगळ्यांचे ड्रायव्हर घालून इनिट्रॅमएफएस नव्याने बांधावे. ते राहून गेले असेल तर ग्रबच्या यादीतली ‘रेस्क्यू’ नोंद निवडून पाहावी, कारण त्या प्रतीत सर्व ड्रायव्हर असतात. तीही नसेल तर इमेज दुसऱ्या चालत्या लिनक्सला जोडून, चरूट करून (इमेजमधल्या सिस्टिममध्ये शिरून) तेच काम करता येते. व्हीएमवेअर किंवा झेनमधून केव्हीएमवर येताना व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन यातले बरेचसे आपोआप करते.

बायॉस आणि यूईएफआय या मशीन सुरू करणाऱ्या जुन्या-नव्या फर्मवेअरचा मेळ बसत नसेल तर पडदा बूटलोडरपर्यंतही पोचत नाही. अझ्युरमधली पहिल्या पिढीची मशीने बायॉसवर चालतात, दुसऱ्या पिढीची यूईएफआयवर. यूईएफआयची इमेज क्यूईएमयूत चालवायची तर ओव्हीएमएफ फर्मवेअर द्यावे लागते.

क्लाउडवरून खाली आणलेल्या इमेजच्या तक्रारी निराळ्या. क्लाउड इमेजमध्ये पासवर्ड नसतो. लॉगिनची किल्ली क्लाउड-इनिट हे सुरुवातीची मांडणी करणारे साधन बाहेरून, १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून घेते. लॅपटॉपवर तो पत्ता उत्तर देत नाही. मग ‘सीआयडेटा’ असे लेबल असलेली लहानशी आयएसओ (सीडीची इमेज) बनवून तिच्यात यूजर-डेटा आणि मेटा-डेटा या दोन फायली ठेवायच्या. क्लाउड-इनिट त्या उचलते आणि लॉगिन मिळते. पडदा काळाच राहिला तर मशीन अडकले असे लगेच मानू नये, कारण पुष्कळ क्लाउड इमेज सगळे संदेश सिरीयल पोर्टवर पाठवतात. तो पोर्ट जोडावा आणि तिथे पाहावे.

जुने विंडोज : छापखान्यातल्या विंडोज एक्सपीची इमेज क्यूईएमयूत घातली की बहुधा निळ्या पडद्यावर ७बी हा त्रुटिक्रमांक येतो. बूटची डिस्क वाचणारा ड्रायव्हर नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्सपीला व्हर्टिओ, एनव्हीएमई माहीत नाहीत, एएचसीआयसुद्धा नाही. म्हणून डिस्क आयडीई या जुन्या प्रकारच्या जोडणीवर जोडावी आणि आयडीईचे ड्रायव्हर रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) आधीच नोंदवून घ्यावेत. नव्या विंडोजला व्हर्टिओवर न्यायचे असेल तर मुख्य डिस्क जुन्याच कंट्रोलरवर ठेवून शेजारी एक रिकामी व्हर्टिओ डिस्क जोडावी, ड्रायव्हर बसू द्यावा, मग मुख्य डिस्क हलवावी.

अशा इमेजसाठी क्लाउड ही चालवण्याची जागा नाही. अक्षरजुळणीच्या अनेक प्रणालींना हार्डवेअर लॉक, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला खोचायची किल्ली, लागते. यूएसबीचे लॉक एम्युलेटरमधल्या मशीनला देता येते, क्लाउडवरच्या मशीनला ते खोचायचे कुठे? म्हणून मशीन गोव्यातच चालवावे आणि क्लाउडवर केवळ प्रत ठेवावी, तीही क्यूकाऊ२मध्ये दाबून. क्लाउडची केंद्रे मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी आहेत, गोव्यात नाहीत. ४० जीबीची सलग फाइल २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला पावणेपाच तासांच्या वर वेळ जातो. ऐन पावसात इतका वेळ वीज आणि नेट दोन्ही टिकतील याची खात्री गोव्यात कोणी देणार नाही. रिकामी जागा आधी शून्यांनी भरून दाबलेली इमेज पुष्कळ लहान होते.

वीज गेल्यावर उघडी असलेली क्यूकाऊ२ फाइल ‘चेक’ आज्ञेने तपासावी. नुसती वाया गेलेली जागा असेल तर ती ‘लीक्स’ पर्यायाने निर्धोक परत मिळते. ‘ऑल’ हा पर्याय मात्र आधी प्रत काढल्याशिवाय वापरू नये, तो चुकीचा अंदाज करून माहिती घालवू शकतो.

पडताळणी आणि सुरक्षितता : रूपांतरानंतर दोन्ही फायलींचे चेकसम (बाइटवरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळणार नाहीत, आणि त्यात काही बिघडलेले नसते. क्यूईएमयू-आयएमजीची ‘कंपेअर’ आज्ञा आतल्या डिस्कची तुलना करते, तिचाच निकाल धरावा. क्यूकाऊ२ जुन्या एम्युलेटरवर उघडत नसेल तर तिची आवृत्ती ‘अमेंड’ने ०.१० च्या पातळीवर उतरवता येते. झेडस्टँडर्ड पद्धतीने दाबलेली इमेज क्यूईएमयू ५.१ च्या आधी वाचता येत नाही, ती पुन्हा रूपांतरित करावी लागते. परक्याने दिलेल्या इमेजचा प्रकार एम्युलेटरला ओळखायला न सोडता आपण स्पष्ट सांगावा. क्यूकाऊ२ फाइल आपली माहिती बाहेरच्या फाइलमध्ये असल्याचे सांगू शकते, आणि त्याच वाटेने ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवरील भलत्याच फायली वाचता येत असल्याचे २०२४ साली उघड झाले.

मर्यादा : प्रोसेसरची जात निराळी असेल तर इमेजमध्ये दुरुस्त करण्याजोगे काही नसते. अ‍ॅमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरवर बनलेली एआरएम इमेज इंटेलच्या लॅपटॉपवर क्यूईएमयू चालवते, पण प्रत्येक सूचना भाषांतरित करून, त्यामुळे फार हळू. शिकण्यापुरते ते चालते. रोजच्या कामासाठी त्या जातीचे नवे मशीन उभारावे आणि जुन्या इमेजमधली माहिती तेवढी आणावी.