नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा आंबटपणा

तोडणीच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च दरम्यान, गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वायनरीत गेलात, तर सोव्हिन्यॉन ब्लांक या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा घोट घाईने संपवू नका. तोंडात फिरवा, गिळा आणि गालांच्या आत लाळ किती वेळ सुटत राहते तिकडे लक्ष द्या. हे आम्लाचं काम. माझ्या मते नाशिकची पांढरी वाइन पारखताना सुगंधाच्याही आधी हे पाहावं, कारण इथे आम्ल टिकवणं हेच सगळ्यात अवघड.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यात पाणी उतरलं की साखर वाढू लागते आणि मॅलिक आम्ल घटू लागतं. पिकणारा मणी श्वसनासाठी ते वापरतो, आणि हवा जितकी गरम तितका हा खर्च जास्त. शेनिन ब्लांक ही इथली दुसरी पांढरी जात मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. तिथे घड शरद ऋतूच्या गारव्यात पिकतो. नाशिक 20 अंश अक्षांशावर, म्हणजे उष्ण पट्ट्यात, त्यामुळे इथे कॅलेंडरच फिरवावं लागतं. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरडछाटणी, पावसाळा सरताना घडांसाठी फळछाटणी, म्हणजे घड थंडीत पिकतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची असल्याने डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांखालीही जातो आणि त्या रात्री मॅलिक आम्ल कमी जळतं. 1997 मध्ये सुला वायनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी इथे सोव्हिन्यॉन आणि शेनिन या दोन्ही जाती लावल्या, तेव्हा त्यांनी या थंडीवरच भिस्त ठेवली होती.

आता वास घ्या. हिरवट, ढोबळी मिरचीसारखा वास आला तर तो भास नव्हे. मिथॉक्सीपायराझिन गटातला तोच रेणू खरोखर ढोबळी मिरचीतही असतो, आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅमचे काही अब्जांश एवढा असला तरी नाकाला कळतो. घडावर ऊन पडेल तसा तो कमी होतो. पेरूसारखा वास मात्र वेगळ्या वाटेने येतो. बागेत याच जातीचा मणी चावून पाहा, गोड-आंबट लागेल, पेरू कुठेच नाही! त्या वासाचे गंधकयुक्त रेणू रसात दुसऱ्या रेणूंना जखडलेले, म्हणून वासहीन असतात. रस आंबवणारं यीस्ट त्यांना सोडवतं. पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत 12 ते 18 अंशांवर सावकाश आंबवतात तीही यासाठीच. टाकी तापली तर कार्बन डायऑक्साइडबरोबर सुगंधही उडून जातो.

पेला फार गार असेल तर थोडं थांबा, वास मोकळे होतील. शेनिन नंतर घ्या. तिच्यात बहुधा साखर थोडी उरवलेली असते, आणि गोडव्यानंतर सोव्हिन्यॉन उगाच आंबटढाण लागते.

घरी नेलेल्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, तर ती ना काच, ना साखर. ते टार्टारिक आम्लाचं पोटॅशियम क्षार आहे, फ्रिजच्या थंडीत विरघळून राहू न शकलेलं. ते निरुपद्रवी असतं. बाटली तासभर उभी ठेवून वरची वाइन हलक्या हाताने ओतून घ्या.