उजवी क्लिक अडते तेव्हा

संगणक मंदावला की पहिला संशय रॅमवर जातो, दुसरा विंडोजवर. पण फायलीवर उजवी क्लिक केल्यावर मेन्यू उघडायला चार-पाच सेकंद लागत असतील, तर आधी तो मेन्यूच नीट वाचावा. त्यातल्या फाइल झिप करणे, व्हायरससाठी तपासणे, क्लाउडवर पाठवणे अशा बऱ्याच ओळी इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने बसवलेल्या शेल एक्स्टेन्शनच्या, म्हणजे विंडोजच्या मेन्यूत भर घालणाऱ्या छोट्या जोडण्यांच्या असतात.

ही एक्स्टेन्शन म्हणजे डीएलएल फायली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने आपल्यात घेऊन चालवायचा कोड, असतात. बहुधा त्या फायली, फोल्डर आणि टास्कबार दाखवणाऱ्या एक्स्प्लोररच्याच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्राममध्ये) लोड होतात. मेन्यू तयार करताना एक्स्प्लोरर एकेकाकडून ओळी मागवतो आणि शेवटच्याचे उत्तर येईपर्यंत थांबतो. त्यातले एखादे बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट पाहत बसले, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही सगळेच ताटकळते. मेमरीची अडचण याहून बिकट आहे. एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीपासून वेगळे ठेवण्याची व्यवस्था विंडोजकडे असते, परंतु एकाच प्रोसेसमधल्या डीएलएलमध्ये अशी भिंत नसते. एखादीने चुकून दुसरीची माहिती खोडली, तर त्या क्षणी काहीच घडत नाही. काही वेळाने भलताच, निर्दोष कोड त्या बिघडलेल्या माहितीवर अडखळतो आणि अख्खा एक्स्प्लोरर बंद पडतो. टास्कबार नाहीसा होऊन परत येतो, आणि नाव खराब होते ते एक्स्प्लोररचे.

ब्राउझरांनी हा धडा लवकर घेतला. क्रोमने 2008 पासून टॅबसाठी वेगवेगळ्या प्रोसेस वापरल्या, त्यासाठी जास्त मेमरी खर्च करून. फायरफॉक्सने नोव्हेंबर 2017 मध्ये अंतर्भागात थेट हात घालणारी जुनी ॲड-ऑन बंद केली.

कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरची चूक मात्र अख्खी यंत्रणाच थांबवते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला आलेल्या एका अपडेटमध्ये 21व्या मूल्याची अपेक्षा होती, प्रत्यक्षात मूल्ये 20च पुरवली जात होती. ड्रायव्हरने यादीबाहेरची मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणकांना त्याचा फटका बसला.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करून वेग दुप्पट करण्याचे आमिष दाखवणारे 'बूस्टर' यावरचा उपाय नव्हे. पुष्कळदा तेही संगणकाबरोबर सुरू होऊन पार्श्वभूमीत बसणारे आणखी एक सॉफ्टवेअरच असते. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मोफत मिळणारे, आपोआप लोड होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी दाखवणारे ऑटोरन्स उघडावे, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात, एक्स्प्लोररच्या टॅबमधल्या निम्म्या नोंदींच्या खुणा काढून संगणक पुन्हा सुरू करावा. मेन्यू झटकन उघडला, तर दोषी त्या निम्म्यांत आहे. नाही तर उरलेल्यांवर तोच प्रयोग करावा.