बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा बदली ट्रिगर : निवड आणि जोडणी

दर गोळीला हाताने बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे-पुढे करावा लागणाऱ्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा कारखान्यातून आलेला ट्रिगर काढून त्याजागी दुसऱ्या उत्पादकाचा सुटा ट्रिगर बसवण्याची पद्धत नेमबाजीत जुनी आहे. 'टिमनी' ही अमेरिकी कंपनी १९४६ पासून याच कामात आहे. 'ज्युएल', 'ट्रिगरटेक', 'बिक्सन अँडी' ही नंतरची नावे. पुण्यात हा विषय मुख्यतः बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील रेंजवर निघतो. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला ५० मीटर थ्री पोझिशन हा प्रकार .२२ बोअरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींनी सहसा खेळला जातो.

निवडीआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : ट्रिगर खरोखर बदलायला हवा का? अँशुट्झच्या स्पर्धा-रायफलींवर येणारा ५०१८ हा दोन टप्प्यांचा ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास सुटतो आणि त्याला भरपूर समायोजन असते. तो बदलून क्वचितच काही पदरात पडते. टिक्का टी-३एक्सचा मूळ ट्रिगर साधारण १ ते २ किलोग्रॅमपर्यंत फिरवता येतो. इशापूरच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीची रचना जुन्या ली-एनफिल्डची. तिच्यात सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन रोखून धरणारा भाग) थेट कॉकिंग पीसला, म्हणजे पिनच्या मागच्या टोकाला, अडवतो आणि ट्रिगर हा त्याच्याभोवतीच्या गार्डला टांगलेला असतो, त्यामुळे गार्डचा स्क्रू ढिला झाला तरी ओढ बदलते. अशा रायफलीत आधी स्क्रू आणि लाकडी दस्त्यातली बैठक पाहावी.

चांगल्या ट्रिगरची ओळख वजनावरून, म्हणजे तो सुटायला लागणाऱ्या दाबावरून, पटत नाही. तो प्रत्येक वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच दाबाला सुटतो का, हे पाहायचे. हे ठरते सिअरच्या पकडीवर, म्हणजे दोन कडक पोलादी कडा एकमेकींवर किती खोल बसल्या आहेत यावर. पकड जास्त असेल तर सुटण्याआधी बोटाला खरखरीत सरकणे जाणवते. रेंजवर त्याला क्रीप म्हणतात. ते घालवायला पकडीचा स्क्रू फिरवत राहिले की ट्रिगर काचेसारखा तुटतो खरा, पण मग बोल्ट जोरात बंद केला किंवा दस्ता बाकाला आपटला तरी फायरिंग पिन सुटू शकते. वजनाची स्प्रिंग फार मऊ केली तर ट्रिगर सिअरखाली पुरता परत येत नाही. त्यात धूळ किंवा घट्ट झालेले तेल असले की धोका दुप्पट. म्हणून उत्पादकाने पकड कारखान्यातच कायम केलेला ट्रिगर बहुतेकांसाठी जास्त चांगला. ट्रिगरटेकमध्ये दोन कडांच्या मध्ये फिरता रोलर असल्याने घसट कमी होते आणि पकड पुरेशी खोल ठेवता येते.

एक टप्पा की दोन, हे उपयोगावर ठरते. दोन टप्प्यांत बोट आधी मोकळी धाव संपवते, भिंतीला टेकते आणि मग थोड्या जादा दाबाला गोळी सुटते. नेम धरून थांबणाऱ्या स्पर्धकाला ही भिंत फार मोलाची. बेंचवरून किंवा लांब पल्ल्यावर मारणारे बरेच जण एकच टप्पा पसंत करतात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत ५० मीटर रायफलीला ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही, पण ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला १५०० ग्रॅम हे किमान आहे. अशा रायफलीसाठी ५०० ग्रॅमवर संपणारा ट्रिगर घेणे म्हणजे पैसे वाया. वजन टांगायच्या वजनांनी, नळी उभी धरून मोजावे. स्प्रिंगचा काटा पात्याच्या (ट्रिगरच्या बोट टेकते त्या भागाच्या) टोकाला अडकवला की आकडा कमी येतो, मध्यावर अडकवला की जास्त, कारण तरफेची लांबी बदलते. सपाट पाते 'हलके' वाटते ते याच कारणाने.

रेमिंग्टन ७०० च्या मापाचे ट्रिगर सर्वांत जास्त मिळतात आणि त्या नमुन्यावरच्या इतर अ‍ॅक्शनमध्येही दोन आडव्या पिनांवर बसतात. मात्र पिनांच्या भोकांत थोडा फरक असला तरी सिअर पुढे-मागे सरकतो. मग बोल्ट बंद करताना अटकतो, किंवा फायरिंग पिनची धाव कमी होऊन काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका पडतो. बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे निघून येऊ न देणारा खटका) कुठे आहे आणि सेफ्टी ट्रिगरमध्येच आहे का, हेही विकत घेण्याआधी पाहावे. नवीन ट्रिगरची पेटी (यंत्रणेचे कवच) रुंद असेल तर सेफ्टीचा खटका दस्त्याच्या खाचेत घासतो. अ‍ॅक्शनचे स्क्रू आवळण्यापूर्वी आणि नंतर पाते व गार्ड यांच्यामध्ये कागदाची पट्टी फिरवून पाहावी. ती कुठेही अडकता कामा नये.

सुटल्यानंतरची धाव अडवणारा स्क्रू आत घेत जावा. पिन सुटेनाशी झाली की पुन्हा सुटेपर्यंत बाहेर आणावा आणि वर साधारण पाव फेरा मोकळा ठेवावा. तंतोतंत ठेवलेला स्क्रू थंडीत दगा देतो. स्क्रूवरचा लॉकिंग द्रव अगदी थेंबभर पुरतो. रेमिंग्टनने २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, त्यामागे जोडणीत जास्त लागलेला असाच द्रव होता.

बसवल्यावरची चाचणी टाळू नये. मॅगझिन काढावे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. रायफल कॉक करून सेफ्टी काढावी, बोल्ट जोरात बंद करावा, दस्त्याचे बूड रबरी चटईवर आपटावे, रबरी हातोडीने अ‍ॅक्शनभोवती ठोकावे. मग सेफ्टी लावून ट्रिगर दाबावा, सोडावा आणि सेफ्टी काढावी. यात एकदाही पिन सुटली तर पकड किंवा वजन वाढवायचे. ते जमत नसेल तर ट्रिगर परत करायचा. .२२ मध्ये ड्राय फायरसाठी, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्यासाठी, वापरलेले केस किंवा स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालावी, नाहीतर काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे परदेशातून ट्रिगर कुरिअरने मागवता येत नाही. आयातीला परवाना लागतो. शस्त्रदुरुस्तीचा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यावे. रायफलीचा परवाना पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो.

पुण्याच्या पावसाळ्यात पोलादावर दोन दिवसांत तांबेरा दिसू लागतो, आणि मग लोक ट्रिगरमध्ये तेल ओततात. ते तेल धूळ धरते, डिसेंबरच्या पहाटे घट्ट होते आणि सिअर आळसावतो. पेटी लायटरच्या पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवावी. तेल द्यायचेच तर उत्पादकाने सांगितलेल्या बिंदूवर सुईच्या टोकाने, आणि त्यानंतर वरची चाचणी पुन्हा करावी.