कुंडीतील आठळीफळे (सोलापूर)

आंबा, बोर, पीच, आलुबुखार, जर्दाळू अशी कठीण आठळीभोवती गर धरणारी फळझाडे कुंडीत किंवा पिंपात वाढवून त्यांची फळे पिकेपर्यंत सांभाळण्याची पद्धत. सोलापुरात ही हौस मुख्यतः गच्चीवर भागवली जाते. कोणते झाड फळ देईल, हे येथे खतापाण्याइतकेच झाडाच्या विश्रांतीच्या काळावर ठरते.

पीच थंडीत पाने गाळून निद्रिस्त होते. कळ्या फुटण्यासाठी त्याला सुमारे ७° से. खालच्या थंडीचे ठरावीक तास मिळावे लागतात. ‘फ्लोर्डाप्रिन्स’सारख्या कमी थंडीवर येणाऱ्या वाणालाही असे सुमारे १५० तास लागतात. सोलापूरचा पारा हिवाळ्यात क्वचितच १० अंशांखाली उतरतो. साहजिकच पीचचे झाड पानांनी भरते, फुलांचे मात्र नाव नसते. जर्दाळूची तर आशाच नको. बोराचे सगळे उलट. ते एप्रिल-मेच्या उन्हात पाने गाळते, तेव्हाच त्याची छाटणी करतात. पावसाळ्यात नव्या फुटीवर फुले येतात आणि थंडीत फळ तयार होते. म्हणून सोलापूरच्या गच्चीवर पहिली कुंडी डोळा भरलेल्या (चांगल्या वाणाचा डोळा बसवून कलम केलेल्या) बोराचीच असावी. आंब्यात ठेंगणी, दरवर्षी फळणारी ‘आम्रपाली’ (दशेरी व नीलम यांचा संकर) सोयीची. पातळ कोयीचा ‘सिंधू’ हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा १९९२ चा वाण. आंब्याला मोहरासाठी पावसाळ्यानंतर पाण्याचा थोडा ताण लागतो आणि कुंडीत तो शेतापेक्षा सहज देता येतो.

कुंडी निदान ६० सेंमी. तोंडाची घ्यावी. ओल्या मातीसह ती दीडशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर ठेवलेली बरी. नुसती काळी माती भरू नये. ती वाळली की आकसते, कडेला भेग पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता थेट तळातून निघून जाते. पोयटा, शेणखत आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण चालते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या स्लॅबवर मुळे अक्षरशः भाजतात, म्हणून कुंडी विटांवर उचलून भोवती गोणपाट गुंडाळतात. बोअरचे पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर साचतो. पावसाळ्यात कुंडीतून भरपूर पाणी वाहू दिले की क्षार बरेच धुऊन जातात.

पीच-आलुबुखाराचे फळ तीन टप्प्यांत वाढते: आधी झपाट्याने, मग आठळी कठीण होईपर्यंत बाहेरून थांबल्यासारखे, शेवटी पुन्हा वेगाने. या शेवटच्या टप्प्यात गर भरतो आणि गोडी चढते. कोणत्याही आठळीफळाची वाढ चालू असताना माती कोरडी पडली तर फळगळ होते. मग एकदम भरपूर पाणी दिले तर साल तडकते. सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येत आले आहे, त्यामुळे साठवलेले पाणी रोज थोडे थोडे घालणे हाच मार्ग. बोराला भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) आणि फळमाशी हे दोन मोठे त्रास. किडकी बोरे झाडाखाली पडू देऊ नयेत, कारण फळमाशीची अळी मातीत शिरून कोष करते.

बोर झाडावरच पिकू द्यावे. हिरवे तोडले तर ते गोड होत नाही. ‘उमराण’ वाणाचे बोर सोनेरी पिवळे झाले की तोडतात, तपकिरी होईपर्यंत थांबत नाहीत. पहिली तोडणी बहुधा संक्रांतीच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास सुगडात आणि बोरनहाणाला उपयोगी पडते. आंबा मात्र पाडाला आला की, देठाजवळचे खांदे वर आले की उतरवतात. थोडा देठ ठेवून कापला तर चीक सालीवर ओघळत नाही. मग पेंढ्यात आढी घालतात. मेच्या तापलेल्या खोलीत गर एकसारखा पिकत नाही, म्हणून आढी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात घालतात आणि रोज उघडून नासका आंबा काढून टाकतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात कायद्याने बंदी आहे. चार-सहा आंब्यांसाठी त्याची गरजही नसते.