तेरड्याची टोपी

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं नाक मुरडत म्हणायचं आणि भाद्रपदात त्याच तेरड्याची गौर करून पाटावर बसवायची, असा आपला कारभार. कोकणात बऱ्याच घरी मुळांसकट आणलेली तेरड्याची रोपं हीच गौर असते. मला मात्र त्या मोजक्या दिवसांत फूल काय काय उरकतं, यात जास्त गंमत वाटते.

ताजं फूल घ्या आणि आत वरच्या बाजूला बघा. पराग देणारे पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची टोपी झालेली दिसेल. कुक्षी, म्हणजे पराग घेणारा मादी भाग, तिच्याखाली झाकलेली. फुलाच्या मागे बाकदार, बारीक नळी असते आणि मध तिच्या टोकाला. मधासाठी आत घुसणाऱ्या माशीच्या पाठीला टोपी घासते, पांढुरके पराग चिकटतात. पुढे टोपी गळून पडते आणि कुक्षी उघडी होते. आधी जिथून पराग मिळत होते, तिथेच आता ते घेतले जातात. म्हणजे फूल आधी नर, मग मादी! स्वतःचेच पराग स्वतःला लागण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.

नळीतला मध लांब सोंडेवाल्यांनाच जमतो: फुलपाखरं, निळ्या पट्ट्यांच्या माश्या, तिन्हीसांजेला येणारे हॉक मॉथ जातीचे पतंग. काही भुंगे मात्र बाहेरूनच नळीला भोक पाडून मध पितात. परागांशी संबंधच नाही, सरळ चोरी.

लावायचा तर रानातला एकेरी तेरडाच लावा. गुलाबासारख्या भरगच्च फुलांच्या बागेतल्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. माशीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. रोपं उपटू नका, बी आणा. बोंड फुगून पिवळसर झालं की हलकेच मुठीत धरा. पाच शकलं झटक्यात गुंडाळली जातात, बिया उडतात, आणि मुठीत अळी वळवळल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मी दचकून मूठच उघडली होती. याच्या वंशाचं शास्त्रीय नाव ‘इम्पेशन्स’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘अधीर’.

जूनच्या पहिल्या पावसात बी पेरा, वर मातीचा पातळ थर पुरे. जागा अर्धवट उन्हाची, माती ओलसर, पण पाणी तुंबणारी नको. खोड रसाळ, जवळजवळ पारदर्शक असतं. श्रावणात पावसाने दोन दिवस दडी मारली की झाड मान टाकतं. पाणी घाला, संध्याकाळपर्यंत ताठ होतं.

पानांच्या देठांवर बारीक ग्रंथी असतात, त्यांतल्या गोड रसासाठी मुंग्या येतात. शेपटीला काटा असलेला जाडजूड सुरवंट दिसला तरी फवारणी करू नका, त्याचाच पुढे हॉक मॉथ होतो.

पाऊस सरला की झाड वाळतं. माझ्या मुठीतून निसटलेल्या बिया पुढच्या जूनमध्ये कढीपत्त्याच्या कुंडीत उगवल्या.