प्रायोगिक मानसशास्त्राचा उदय

मनोव्यापारांचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या कक्षेतून काढून प्रयोग व मोजमाप यांच्या पायावर उभा करण्याची एकोणिसाव्या शतकातील घडामोड. व्हिल्हेल्म वुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात सुरू केलेल्या प्रयोगशाळेपासून या शास्त्राचा जन्म धरण्याचा प्रघात आहे. प्रघातच म्हणायचा; कारण विद्यापीठाची रीतसर मान्यता तिला काही वर्षांनी मिळाली, आणि हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांनी प्रात्यक्षिकांपुरती का होईना, उपकरणे मांडली होती ती १८७५ मध्येच.

मानसशास्त्र खरे विज्ञान होऊ शकत नाही, कारण मनाला गणित लागू पडत नाही, असे इमॅन्युएल कांट यांनी १७८६ मध्ये बजावले होते. या आक्षेपाला उत्तराची वाट सापडली ती एका वेधशाळेत. ग्रिनिचचे राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्किलिन यांनी १७९६ मध्ये डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले. दुर्बिणीतील उभ्या धाग्यामागून तारा सरकला तो क्षण घड्याळाचे ठोके ऐकत नोंदायचा, आणि किनेब्रुक यांच्या नोंदी मॅस्किलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडत. पुढे जर्मन खगोलज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी तुलना करून दाखवले, की निष्णात निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतोच. खगोलज्ञांना ही डोकेदुखी वाटली. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो पहिला धागा होता. पाहणे आणि ऐकणे यांना वेळ लागतो आणि तो माणसागणिक बदलतो.

१८५० च्या सुमारास हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीपेक्षाही पुष्कळ कमी भरला. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ दोंदर्स यांनी १८६८ मध्ये त्यापुढची युक्ती केली. एकाच संकेताला प्रतिसाद देण्याचा काळ, अनेक संकेतांतून निवड करून प्रतिसाद देण्याच्या काळातून वजा करायचा; उरेल तो निवडीचा काळ. साध्या वजाबाकीने मनाच्या आतले काम सेकंदाच्या अंशांत मांडता आले. या वजाबाकीवर पुढे आक्षेप आले, पण प्रतिक्रियाकालाची पद्धत आजही टिकून आहे.

दुसरा प्रवाह संवेदनांच्या मोजमापाचा. वजनातला फरक हाताला जाणवायचा तर मूळ वजनाच्या ठराविक प्रमाणात भर पडावी लागते, हे एर्न्स्ट वेबर यांचे निरीक्षण गुस्टाफ फेखनर यांनी १८६० मध्ये गणिती नियमात बसवले.

वुंट यांनी हे सारे एका छताखाली आणले. हजारांश सेकंद दाखवणारे कालमापक, विद्यार्थ्यांना वाटून दिलेले विषय, निष्कर्षांसाठी स्वतःचे नियतकालिक (१८८१ पासून): त्यांची खरी कामगिरी एखाद्या शोधापेक्षा या व्यवस्थेत आहे. ‘अंतर्निरीक्षण’ (आपल्या मनात काय चालले आहे ते स्वतःच पाहून सांगणे) हा शब्द त्यांच्या नावाला सरसकट चिकटवला जातो, पण मोकळ्या आत्मकथनावर त्यांचा विश्वास नव्हता. नियंत्रित, पुन्हा करता येणाऱ्या प्रयोगातले तात्काळ निवेदनच त्यांना चाले. भाषा, पुराकथा व रूढी प्रयोगाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत असे मानून त्यांनी त्यांवर दहा खंड वेगळे लिहिले.

त्यांचे शिष्य टिचनर, कॅटेल व म्युन्स्टरबर्ग यांनी ही प्रयोगशाळेची पद्धत अमेरिकेत रुजवली. म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे हार्वर्डमध्ये शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.